जिचं गाणं चित्रपटात नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मिरजेत चार दिवस झड लागली होती. धाकटी लेक सुट्टीला घरी आली होती. बाहेर पडायची सोय नाही, म्हणून तिने टीव्हीला काहीतरी जोडलं आणि म्हणाली, "अब्बू, तुम्ही कवी ना? मग हा सिनेमा बघाच. नुसती गाणी आहेत यात."

सिनेमाचं नाव 'द ग्रेटेस्ट शोमन'. २०१७ च्या डिसेंबरात प्रदर्शित झालेला हा अमेरिकन संगीतपट. इंग्रजी गाण्यांकडून मी फारशी अपेक्षा ठेवत नाही, ही माझी खोड. पण अर्ध्या तासात माझा पाय जमिनीवर ठेका धरू लागला. मी तो थांबवला, तर लेक हसली. सर्कस कशी जन्माला आली, याची ही गोष्ट. तंबू, झुले, हत्ती, दिव्यांचा झगमगाट आणि मधोमध उंच टोपी घातलेला नायक, फिनिअस टेलर बार्नम.

हा नायक सुरुवातीलाच मला जवळचा वाटला, कारण चित्रपटातला बार्नम हा शिंप्याचा पोर आहे. बापाबरोबर श्रीमंतांच्या घरी मापं घ्यायला जातो आणि तिथे अपमान सोसतो. मीही शिंप्याचा पोर. अब्बांचं मिरजेत छोटंसं दुकान होतं आणि त्या दुकानात एकदा सर्कशीतला एक माणूस आला होता. त्याची गोष्ट शेवटी सांगतो.

चित्रपटाची कथा थोडक्यात अशी. गरिबीतून वर आलेला बार्नम न्यूयॉर्कमध्ये एक संग्रहालय काढतो. ते चालत नाही. मग जगाने ज्यांना दाराआड लपवलं अशा माणसांना तो शोधून आणतो. दाढी असलेली बाई, ठेंगू तरुण, अंगभर गोंदलेला माणूस, झुल्यावरची कृष्णवर्णीय भावंडं. लोक खेळाला गर्दी करतात. पुढे बार्नमला प्रतिष्ठितांत बसायची हाव सुटते. जेनी लिंड या युरोपातल्या विख्यात गायिकेला तो अमेरिकेत आणतो आणि बड्या लोकांच्या मेजवानीत आपल्याच कलाकारांच्या तोंडावर दार लावून घेतो. त्या बंद दारासमोर दाढीवाली बाई गाऊ लागते: मी आहे ही अशी आहे आणि मला तिची लाज वाटत नाही, असा त्या गाण्याचा भाव. या गाण्याला २०१८ साली गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळालं. खरं सांगतो, ते गाणं ऐकताना माझेही डोळे भरून आले.

संगीतपटाची ही रीत आपल्याला परकी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आलं. तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे, की बोलणं जिथे अपुरं पडतं तिथे पद सुरू होतं. ज्या पात्राला पद मिळतं, त्याच्या मनात प्रेक्षकाला शिरता येतं. ज्याला पद नाही तो येतो, निरोप सांगतो आणि विंगेत जातो. म्हणून संगीत नाटक असो की संगीतपट, लेखकाने कुणाला पदं दिली आणि कुणाला दिली नाहीत, हे पाहावं. त्याची सगळी नीतिमत्ता त्यात उघडी पडते.

चित्रपट संपला तेव्हा लेकीने विचारलं, "अब्बू, हे खरंच असं घडलं होतं?"

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, एवढंच माझं भांडवल. पण प्रश्न लेकीचा होता. टाळता येईना. पुढचे दोन महिने मिळेल ते वाचत राहिलो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

सर्कस ही काही बार्नमची निर्मिती नव्हे. फिलिप अ‍ॅस्टली नावाचा एक निवृत्त इंग्रज घोडेस्वार १७६८ साली लंडनमध्ये गोल रिंगणात घोड्यावरच्या कसरती दाखवू लागला. रिंगण गोल का? घोडा वर्तुळात एका लयीत धावू लागला, की त्याच्या पाठीवर उभ्या माणसाला तोल सांभाळणं सोपं जातं. पुढे या रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला आणि आजही जगभर साधारण तोच पाळतात. १७९३ साली जॉन बिल रिकेट्सने फिलाडेल्फियात सर्कस उभी केली. ती पाहायला खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन आले होते. म्हणजे बार्नमचा जन्म झाला त्या १८१० च्या आधीच सर्कस अमेरिकेत नांदत होती.

चित्रपटात तरुण, सडसडीत बार्नम रिंगणात नाचताना दिसतो. खरा बार्नम आपल्या नावाची मोठी सर्कस घेऊन उतरला तो १८७१ साली, साठी ओलांडल्यावर. तीसुद्धा विल्यम कूप आणि डॅन कॅस्टेलो या सर्कसवाल्या भागीदारांच्या जोरावर. सर्कशीचा सगळा पसारा आगगाडीवर लादून गावोगाव न्यायचा, ही करामत कूपची. पुढे १८८१ मध्ये जेम्स बेली भागीदार झाला आणि एकाच तंबूत तीन रिंगणं सुरू झाली. १८८२ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला जम्बो हत्ती दहा हजार डॉलरना विकत घेतला गेला. मोठ्या आकाराच्या कशालाही आपण आज 'जम्बो' म्हणतो, तो शब्द जगभर झाला या हत्तीमुळे. तीन वर्षांनी कॅनडात आगगाडीची धडक बसून जम्बो मेला. बार्नमने त्याचं कातडं भरून घेतलं, सांगाडा वेगळा करून घेतला आणि दोन्ही वेगवेगळी दाखवली. जिवंतपणी एक जम्बो होता, मेल्यावर दोन झाले.

साठीच्या आधी काय करत होता हा माणूस? १८४२ पासून तो न्यूयॉर्कमध्ये 'अमेरिकन म्युझियम' चालवत होता. तिकीट पंचवीस सेंट. आत सगळं काही होतं: मेणाचे पुतळे, जिवंत प्राणी, व्याख्यानं, नाटकं. फिजी बेटावरची मत्स्यकन्या म्हणून त्याने एक वस्तू मिरवली, तीत माकडाचं धड माशाच्या शेपटीला जोडलेलं होतं. इथवर आपण हसतो. फसलेले लोकही हसत. फसवणुकीचीच एक गंमत बार्नमने तयार केली होती.

पण त्याच्याही आधी, १८३५ मध्ये, त्याच्या या धंद्याची सुरुवात झाली होती. ती सुरुवात चित्रपटात नाही.

तेव्हा बार्नम पंचवीस वर्षांचा होता. त्याच्या कानावर आलं, की फिलाडेल्फियात एक गृहस्थ एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईचं प्रदर्शन मांडून बसला आहे. तिचं नाव जॉइस हेथ. ती गुलाम होती. आंधळी होती, तोंडात दात नव्हते आणि शरीर जवळजवळ लुळं पडलेलं होतं. तिचं वय १६१ वर्षं असून अमेरिकेचे राष्ट्रपिता जॉर्ज वॉशिंग्टन यांना तिने लहानपणी सांभाळलं, असं सांगितलं जाई. त्या गृहस्थाने तीन हजार डॉलर मागितले. बार्नमने घासाघीस करून सौदा एक हजारावर आणला. पाचशे पदरचे, पाचशे उसने. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी १८२७ मध्येच कायद्याने संपली होती. म्हणून कागद झाला तो बाईला 'दाखवण्याच्या हक्काचा'. शब्द बदलला तरी तिच्या बाजूने पाहिलं तर काय बदललं?

न्यूयॉर्कच्या निब्लोज गार्डनमध्ये आणि मग गावोगाव जॉइस हेथला मांडण्यात आलं. दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास. लोक येत, तिचा हात हातात घेत, नाडी पाहत, प्रश्न विचारत. ती 'छोट्या जॉर्ज'च्या गोष्टी सांगे. आणि मंडळी, ती गात असे. ख्रिस्ती भक्तिगीतं गात असे. कितीतरी जुनी, लोकांच्या विस्मरणात गेलेली भजनं तिला पाठ होती, असं तेव्हाच्या वृत्तांतात आहे. या खेळातून आठवड्याला सुमारे दीड हजार डॉलर गोळा होत, हे बार्नमनेच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

गर्दी ओसरू लागली तेव्हा एक नवी बातमी पसरवली गेली. ही बाई मुळात माणूस नाहीच, हे देवमाशाच्या हाडांचं, रबराचं आणि स्प्रिंगांचं बनवलेलं यंत्र आहे! लोक पुन्हा तिकीट काढून आले, या वेळी ती माणूस आहे की यंत्र हे तपासायला.

१८३६ च्या फेब्रुवारीत जॉइस हेथ वारली. तेवढ्यावर तरी सुटावी ना? नाही. बार्नमने न्यूयॉर्कच्या एका सभागृहात तिच्या देहाचं जाहीर शवविच्छेदन ठरवलं. तिकीट पन्नास सेंट. सुमारे दीड हजार लोक आले. शल्यचिकित्सक डेव्हिड रॉजर्स यांनी निष्कर्ष काढला, की बाईचं वय फार तर ऐंशी होतं. त्यावर बार्नमचा मदतनीस लायमन एका वर्तमानपत्राकडे गेला आणि ती दुसऱ्याच कुणा बाईची प्रेत होती, हेथ तर जिवंत आहे, अशी थाप त्याने छापून आणली. मेल्यानंतरही तिला विसावा मिळाला नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सारखं एकच मनात येत होतं. ही बाई गात होती. म्हणजे बार्नमच्या कारकिर्दीतला पहिला गाणारा आवाज हिचा. आणि गाण्यांनी भरलेल्या या चित्रपटात तिला एक ओळसुद्धा नाही. चित्रपटात झुल्यावरची कृष्णवर्णीय तरुणी आहे, तिचं दुःख आहे, तिच्या वाट्याला गाणं आहे. पण ती काल्पनिक आहे. खरी होती तिला वगळलं आणि तिच्या जागी एक सुंदर, तरुण, सोयीची व्यक्तिरेखा आणून बसवली.

आता जेनी लिंडकडे येऊ. चित्रपटात तिचं आणि बार्नमचं प्रेम जमता जमता राहतं आणि रागाने ती दौरा सोडून जाते. प्रत्यक्षात तसं प्रेमप्रकरण काही नव्हतं. स्वीडनची ही गायिका व्यवहाराला पक्की होती. १८५० साली अमेरिकेला येण्यापूर्वी तिने करार करून घेतला. दीडशे मैफली, प्रत्येक मैफलीला एक हजार डॉलर, शिवाय खर्च वेगळा. त्यापोटी बार्नमला एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे डॉलर आगाऊ ठेवावे लागले. गंमत अशी, की हा सौदा करताना त्याने तिचं गाणं एकदाही ऐकलेलं नव्हतं. ११ सप्टेंबर १८५० रोजी न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनमध्ये पहिली मैफल झाली. तिकिटांचा लिलाव झाला आणि पहिलं तिकीट एका टोप्या विकणाऱ्या दुकानदाराने २२५ डॉलरना घेतलं. लिंडने आपल्या मिळकतीतला मोठा भाग दानधर्माला आणि स्वीडनमधल्या शाळांना दिला. पुढे बार्नमच्या जाहिरातबाजीचा तिला वीट आला, तेव्हा १८५१ मध्ये करारातल्या तरतुदीनुसार ती बाजूला झाली आणि आपल्या मैफली आपण करू लागली.

एक हजार डॉलर. जॉइस हेथची एकूण किंमत एक हजार डॉलर. जेनी लिंडच्या एका रात्रीची बिदागी एक हजार डॉलर. मधे पंधरा वर्षं. पैसे मोजणारा हात एकच. दोघीही गात होत्या. एकीच्या हातात करार होता आणि नकोसं झाल्यावर उठून जायची मुभा होती. दुसरीला उठून जायला पायही नव्हते आणि हक्कही नव्हता. मला वाटतं, बार्नमचा सगळा इतिहास या दोन हजारांच्या मधे मावतो.

या दोघींच्या मधल्या पायऱ्यांवर बाकीची माणसं आहेत. टॉम थंब या नावाने गाजलेला चार्ल्स स्ट्रॅटन चित्रपटात बावीस वर्षांचा तरुण आहे. बार्नमने १८४२ मध्ये त्याला मिळवलं तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता. जाहिरातीत वय अकरा लावलं होतं. सुरुवातीचा पगार आठवड्याला तीन डॉलर. पण हा मुलगा मोठा कलावंत निघाला. १८४४ मध्ये त्याने राणी व्हिक्टोरियासमोर खेळ केला. तो श्रीमंत झाला. १८५६ च्या सुमारास बार्नमचं दिवाळं वाजलं तेव्हा हाच स्ट्रॅटन त्याच्या मदतीला धावला. उलट १८६० मध्ये, डार्विनचा ग्रंथ आल्याच्या पुढच्याच वर्षी, बार्नमने एका कृष्णवर्णीय माणसाला केसाळ पोशाख घालून उभं केलं. माणूस आणि माकड यांच्यामधला हा प्राणी, असं लोकांना सांगितलं. तो बोलू शकत नाही, अशी बतावणी होती. ज्याला माणूस ठरवायचं नाही त्याची भाषा आधी काढून घ्यायची. ही युक्ती काही सर्कसवाल्यांचीच नाही.

बार्नम राक्षस होता, असं मी म्हणत नाही. इतिहास वाचणाऱ्याने तेवढी घाई करू नये. हाच माणूस १८६५ मध्ये कनेक्टिकट राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला आणि गुलामगिरी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीच्या बाजूने उभा राहिला. कृष्णवर्णीयांना मताचा हक्क द्या, म्हणून तो भांडला. आपण दक्षिणेत असताना गुलाम बाळगले होते आणि त्यांना मारलंही होतं, अशी कबुली त्याने दिली. पुढे तो ब्रिजपोर्ट शहराचा नगराध्यक्ष झाला. त्याच काळात पुण्यात जोतीराव फुले 'गुलामगिरी' लिहीत होते. १८७३ साली आलेलं ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्या लोकांत बार्नमला धरायचं की नाही? मी पुष्कळ विचार केला. त्याने १८६५ मध्ये हात वर केला, तेवढ्यापुरतं धरावं. पण त्याने जॉइस हेथचं देणं फेडलं, असं मात्र म्हणवत नाही.

चित्रपट काढणाऱ्यांनी इतिहास सांगण्याचा दावा केलेला नाही, हेही खरं. त्यांना आजच्या माणसासाठी एक उमेदीची गोष्ट सांगायची होती. कुणी वेगळा दिसतो म्हणून त्याला लपवू नका, हा तिचा आशय चांगलाच आहे. माझी तक्रार एवढीच, की ज्यांच्या नावाने ही उमेद द्यायची त्यांतल्या सर्वांत दुबळीला त्यासाठी पुसून टाकावं लागलं. नायक उजळ राहावा म्हणून हे केलं. हेथबाई पडद्यावर आली असती, तर पुढच्या गाण्यावर पाय धरला नसता.

२०१७ हे वर्षही लक्षात ठेवण्याजोगं आहे. बार्नमचं नाव वागवणारी रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली सर्कस त्याच वर्षी २१ मे रोजी शेवटचा खेळ करून बंद झाली. हत्तींना तिने आदल्या वर्षीच निवृत्त केलं होतं. खरी सर्कस मेमध्ये संपली आणि डिसेंबरात पडद्यावरची सुरू झाली. २०२३ मध्ये ती सर्कस पुन्हा उभी राहिली, ती प्राण्यांवाचून.

याच सर्कशीत एकेकाळी आपला एक मराठी माणूस गाजला होता. दामू धोत्रे. १९०२ साली पुण्यात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच सर्कशीत शिरला, युरोपात गेला आणि १९४० मध्ये वाघ-सिंह-बिबळ्यांचा खेळ घेऊन अमेरिकेत या सर्कशीच्या रिंगणात उतरला. हिंस्र जनावरांना मायेने शिकवणारा म्हणून त्याचं नाव झालं. शेवटी तो पुण्याला परतला आणि १९७३ मध्ये तिथेच वारला. बार्नमच्या नावाच्या तंबूत दामू धोत्रे उभा राहिला तो स्वतःच्या कसबावर.

सर्कस आणि मराठी मुलूख यांचं नातं तसं जुनंच. आमचा सांगली-मिरजेचा भाग तर सर्कशीचं माहेर. विष्णुपंत छत्रे मूळचे इथल्याच अंकलखोपचे. त्यांना दोन वेडं होती, घोडे आणि गाणं. त्या पायी ते ग्वाल्हेरला गेले. तिथे घोड्यांची विद्या मिळवली आणि उस्ताद हद्दू खाँ यांच्याकडे गाणंही शिकले. मुंबईत आलेली परदेशी सर्कस पाहून, हे आपणही करू, अशा जिद्दीने त्यांनी १८८० च्या सुमारास आपली सर्कस उभी केली. तीच पहिली भारतीय सर्कस मानतात. इकडे 'शाकुंतल' आणि तिकडे सर्कस, दोन्ही जवळपास एकाच वेळची.

हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ. अलौकिक गळा, पण मन थाऱ्यावर नव्हतं आणि अफूचं व्यसन. वडिलांच्या मागे ते भरकटले आणि बनारसमध्ये अगदी दैन्यावस्थेत छत्र्यांना सापडले. छत्र्यांनी गुरुपुत्राला उचललं आणि आपल्याबरोबर ठेवलं. सर्कस जाईल तिथे रहिमत खाँ. मुक्कामाच्या गावी त्यांच्या मैफली होत. 'भूगंधर्व' म्हणून त्यांची ख्याती झाली. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे भाऊ काशीनाथपंतांनीही त्यांना सांभाळलं. १९२२ मध्ये कुरुंदवाडला रहिमत खाँ गेले.

आता विचार करा. भ्रमिष्ट अवस्थेतला, अफूच्या गुंगीतला, स्वतःशी बडबडणारा एक माणूस सर्कशीच्या मालकाच्या हाती लागतो. बार्नमने काय केलं असतं? त्याच्या वेडाची जाहिरात केली असती. छत्र्यांनी त्यांना बिछायतीवर बसवलं आणि तंबोरे लावले. मैफलींचे पैसे येतच असतील. छत्रेही धंदाच करत होते, संतपण त्यांना चिकटवायला नको. पण लोक आले ते गाणं ऐकायला, वेड बघायला नव्हे. एवढाच फरक. खाँसाहेबांची उतारवयातली काही ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. जुनी तबकडी खरखरते आणि त्या खरखरीतून तो आवाज तारेसारखा निघतो.

आपल्याकडे सगळं चोख होतं, असं मात्र समजू नका. आपल्याही तंबूत ठेंगू माणूस होता तो हसवण्यासाठीच. वाघ-सिंहांचे खेळ थांबायला २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि लहान मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली ती २०११ मध्ये. आणि आपल्या तंबूत बसून हसणाऱ्यांत मीही होतो. आता दुकानातली गोष्ट सांगतो.

मी सात-आठ वर्षांचा असेन. गावात सर्कस आली होती. रात्री तिचा सर्चलाइट आमच्या पत्र्यावरून फिरायचा. सिंहाने डरकाळी फोडली, की टांग्यांचे घोडे बिचकायचे. आदल्या संध्याकाळी मी खेळ पाहिला होता आणि जोकर धपकन पडला तेव्हा पोट धरून हसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच जोकर अब्बांच्या दुकानात आला. रंग नाही, नाकावर लाल गोळा नाही. साधा सदरा घातलेला, पन्नाशीचा, थकलेला माणूस. उंची माझ्याएवढीच. दुकानाची पायरी उंच होती. हात टेकून तो चढू लागला आणि मी मोठ्याने हसलो.

अब्बा मला काही बोलले नाहीत. उठले, त्यांनी त्याला हात दिला, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. त्याला ईदसाठी एक नवा सदरा शिवून हवा होता. सर्कशीचे कपडे सर्कसच देई, हा त्याचा स्वतःचा होता. मग अब्बा मला म्हणाले, "वही घे."

मापाची वही लिहायचं काम माझं. पानावर आधी गिऱ्हाइकाचं नाव, मग खाली मापं. अब्बांनी विचारलं, "नाम क्या लिखें?" तो हसून म्हणाला, "जोकर लिख दो, मास्टर. सब वोही बोलते." अब्बांनी फीत गळ्यातून काढली आणि म्हणाले, "वो तुम्हारा काम हुआ. नाम बोलो."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने आपलं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. मी ते लिहिलं.

लेकीला मी सगळं सांगितलं. हेथबाईचं, लिंडबाईचं, खाँसाहेबांचं, दुकानातलंही. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आता ती गाणी ऐकायची नाहीत का?" मी म्हटलं, ऐक की. चांगली आहेत. फक्त दाढीवाल्या बाईचं ते गाणं लागलं, की एवढं आठव. १८३५ साली न्यूयॉर्कमध्ये एक आंधळी म्हातारी रोज गात होती. तिची भजनं कुणी टिपून ठेवली नाहीत. लोक समोर उभे होते, पण ते तिची नाडी बघत होते. तिचं खरं वयसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. आडनाव होतं तेही बहुधा कुण्या मालकाचंच. गुलामांना तेच मिळायचं.

अब्बा गेले, दुकान बंद झालं. ती मापाची वही मी जपून ठेवली आहे. परवा काढून पाहिली. पान पिवळं पडलंय. वर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात ते नाव आहे. खाली छाती, कंबर, खांदा, बाही आणि सर्वांत शेवटी उंची.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)